सर्व्होवाल्या छोट्या सीएनसीचा झिरो सरकतो, ड्राइव्ह मधूनच ट्रिप होतो: तपासणी कुठून सुरू करायची

नवी मुंबई-ठाण्याच्या रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट या पट्ट्यात गाळ्याच्या कोपऱ्यात किंवा घरच्या बाल्कनीत उभ्या केलेल्या छोट्या राउटर-मिलवर मी सगळ्यात जास्त वेळा हाच एक फॉल्ट काढतो. बहुतेक जण मला फोन करेपर्यंत नवा ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, घेऊन मोकळे झालेले असतात, आणि ड्राइव्ह क्वचितच गेलेला असतो. म्हणून खर्च करण्याआधी हे वाचा.

लक्षणं

- जॉब चालू असताना एका अॅक्सिसच्या ड्राइव्हवर लाल दिवा लागतो, मोटर ढिली पडते आणि हाताने फिरते. पॉवर बंद-चालू केली की पुन्हा काही वेळ सगळं सुरळीत.
- अलार्म काहीच नाही, पण प्रोग्रॅम संपल्यावर एक्स-वाय झिरोवर आणलं की टूल अर्धा-एक मिलिमीटर बाजूला.
- मशीन उभं असताना मोटर गुणगुणते किंवा बारीक थरथरते.
- पॉवर देताच मोटर एका दिशेला सुसाट पळते आणि ट्रिप होते.
- सकाळी सुरुवातीला त्रास, गरम झाल्यावर दिवसभर ठीक. जून ते सप्टेंबर हे जास्त.

यातली पहिली दोन लक्षणं दिसायला भावंडं वाटतात, पण आतून वेगळी आहेत. ते का, हे समजलं की निम्मं काम होतं.

हॉबी मशीनवर कंट्रोलर फक्त स्टेप आणि डायरेक्शनचे पल्स पाठवतो. मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या एन्कोडरची वायर कंट्रोलरकडे जात नाही, ड्राइव्हकडे जाते. ‘इतके पल्स आले, मोटर तितकी फिरली का’ हा हिशेब ड्राइव्ह स्वतःच करतो. मागितलेली आणि झालेली हालचाल यातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की फॉलोइंग एररचा अलार्म येतो. म्हणजे अलार्म आला तर फीडबॅक आपलं काम करतोय आणि मोटर मागे पडतेय, असं आधी धरून चालायचं. अलार्म न येता झिरो सरकला, तर मात्र तीनच शक्यता राहतात: ड्राइव्हपर्यंत पल्सच नीट पोचत नाहीत, एन्कोडर चुकीचं मोजतोय, किंवा मोटर बरोबर फिरली पण पुढचं यंत्र घसरलं. रिक्षाचं मीटर बिघडलं तर चालकाला अंतर बरोबरच वाटतं, वाद प्रवाशाशी होतो. तसं इथे ड्राइव्ह समाधानी असतो आणि जॉब वाया जातो. जीआरबीएल किंवा माक ३ या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर दिसणारी पोझिशन ही पाठवलेली पोझिशन असते, खरी नव्हे. तिच्याकडे बघून काहीच सिद्ध होत नाही. (लिनक्ससीएनसीला एन्कोडर थेट जोडला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जॉइंट फॉलोइंग एररचा संदेश पीसीवरच येतो.)

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी: फॉल्टचा स्वभाव लिहून काढा

याला शून्य रुपये लागतात आणि हाच टप्पा सगळे वगळतात. मशीनजवळ वही ठेवा आणि फॉल्ट आला की चार गोष्टी लिहा: टेबल कुठे होतं, किती वेळ चालल्यावर आला, अॅक्सिस कुठल्या दिशेला जात होता, स्पिंडल चालू होता का.

एकाच जागी येतो, समजा एक्सच्या ३०० मिलिमीटरच्या आसपास, तर ड्रॅग चेनमध्ये (वायरी सांभाळणारी हलती साखळी) तिथे वाकणारी वायर तुटत आली आहे, किंवा गाइड आणि बॉल स्क्रू तिथे जाम आहे. स्पिंडल चालू असतानाच येतो, तर व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या इन्व्हर्टरचा, नॉइज (तारांत शिरणारी विजेची गडबड). दिशा बदलण्याची संख्या जास्त असलेल्या जॉबवरच सरकतो आणि नेहमी एकाच बाजूला, तर डायरेक्शन सिग्नलचं टायमिंग. वेग घेताना ट्रिप होतो तर टॉर्क किंवा सप्लाय कमी पडतोय. वेग कमी करताना होतो तर मोटरने परत फेकलेली वीज सप्लायला पेलत नाही, म्हणजे ओव्हरव्होल्टेज. ड्राइव्हवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो तेही मोजा. बहुतेक ड्राइव्हमध्ये त्या संख्येला अर्थ असतो आणि तो मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत छापलेला असतो.

दोन गोष्टी या फॉल्टमध्ये धरू नका. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई): दिशा बदलली की ठरावीक चूक दिसते, पण ती साठत नाही. दहा फेऱ्यांनंतरही तेवढीच राहते. दुसरं, उष्णता: स्टील मीटरला दर अंशामागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. अर्धा मीटरचा बॉल स्क्रू १० अंशांनी तापला तर ०.०५ ते ०.०६ मिमी फरक पडणारच. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात दुपारी असा फरक दिसला तर एन्कोडरला दोष देऊ नका.

मार्करची रेघ

पॉवर बंद करा. पर्मनंट मार्करने मोटर शाफ्टपासून कपलिंगवरून बॉल स्क्रूपर्यंत एक सरळ रेघ मारा. फॉल्ट येईपर्यंत मशीन चालवा. रेघ तुटली, तर तुमचा प्रश्न कपलिंगला शाफ्टवर धरणाऱ्या ग्रब स्क्रूचा आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे बघायचीही गरज नाही. एन्कोडर मोटरच्या मागच्या टोकाला बसलेला असतो, त्यामुळे कपलिंगच्या पुढे काय घसरलं हे त्याला कळायचा मार्गच नाही. अलार्म न येता सरकण्याचं हे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण.

ग्रब स्क्रू नुसता आवळून पुन्हा ढिला होतो. शाफ्टवरचं तेल पुसा, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावा, आणि जमलं तर ग्रब स्क्रूऐवजी चिमटणारं, म्हणजे क्लॅम्प टाइप कपलिंग बसवा. पट्टा आणि पुली असेल तर पुलीवरही तशीच रेघ मारा.

रेघ शाबूत राहिली तर याच रेघेचा आणखी एक उपयोग. मोटरच्या बॉडीवरही एक खूण करा आणि अॅक्सिसला एकाच दिशेला बरोबर दहा फेऱ्या द्या. ५ मिमी लीडचा (एका फेरीत ५ मिमी सरकवणारा) स्क्रू असेल तर ५० मिमी. शाफ्टवरची खूण पुढे गेली, तर एन्कोडर कमी मोजतोय: मोजणी पुरी व्हावी म्हणून ड्राइव्हने मोटर जास्त फिरवली. मागे राहिली, तर पल्स हरवले किंवा नॉइजमुळे एन्कोडरच्या मोजणीत फुकटची भर पडली. ड्राइव्हला डिस्प्ले असेल तर आलेले पल्स आणि एन्कोडरचे काउंट दोन्ही त्यावर बघता येतात. आलेल्या पल्सचा आकडा बरोबर निघाला तर कंट्रोलर आणि त्याची वायर दोघंही निर्दोष.

कनेक्टर आणि ड्रॅग चेन

मशीन उभं, सर्व्हो चालू, हात इमर्जन्सी स्टॉपजवळ. लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने एन्कोडरची केबल आणि कनेक्टर हलकेच हलवा. मोटर दचकली किंवा ट्रिप झाली तर जागा सापडली. चेनमधली वायर एकेका वितीवर वाकवून बघा.

घरगुती मशीनवर एन्कोडरसाठी नेटवर्कची केबल वापरायची पद्धत आहे, कारण तिच्या जोड्या पिळलेल्या असतात आणि ती कुठेही मिळते. कल्पना वाईट नाही. पण भिंतीत टाकायच्या केबलमध्ये तांब्याची एकच घट्ट तार असते. ती चेनमध्ये सतत वाकून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. बहुतारी, चेनसाठी बनवलेली, शिल्ड असलेली केबल घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत मीटरवर मिळते.

आता पावसाळा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा खाडीला लागून आहे. हवेत ओल असते आणि मीठही. गोल एव्हिएशन कनेक्टरच्या पिना काळपट-हिरवट पडतात. मोटरचा करंट मोठा असल्यामुळे तो अशा पिनेतून रेटून जातो, एन्कोडरचा सिग्नल मिलिअँपिअरचा, तो अडतो. शनिवार-रविवार बंद राहिलेलं मशीन सोमवारी सकाळी नखरे करतं आणि नंतर गप्प होतं, ते बहुधा यामुळे. कनेक्टर उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून साफ करा, पूर्ण सुकू द्या. पॅनलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. एन्कोडरच्या आत मात्र कुठलाही स्प्रे मारू नका. तेलकट स्प्रे काचेच्या चकतीवर बसला की तो एन्कोडर संपला.

स्पिंडल बंद ठेवून हवेत चालवा

जो जॉब बिघडतो तोच, टूल काढून, स्पिंडल बंद ठेवून पूर्ण चालवा. मग टूल न लावता स्पिंडल चालू ठेवून. पहिल्या वेळी बरोबर आणि दुसऱ्या वेळी सरकला, तर निदान झालं, बाकी तपासण्या सोडून खालच्या अर्थिंगच्या भागाकडे जा. दोन्ही वेळा बरोबर आणि प्रत्यक्ष कापतानाच बिघडतो, तर यंत्रावरचा भार, बोथट टूल किंवा जास्त फीड. या चाचणीला फक्त वेळ लागतो, आणि अंदाजाने सुटे भाग बदलण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे.

कंट्रोलरची सेटिंग

पहिला हिशेब पल्सच्या वेगाचा. १००० लाइनचा एन्कोडर ए आणि बी चॅनलच्या प्रत्येक कडेवर मोजला की एका फेरीला ४००० काउंट देतो. ड्राइव्हही ४००० पल्सवर सेट असेल आणि स्क्रूची लीड ५ मिमी असेल, तर मिलिमीटरला ८०० पल्स, म्हणजे एक पल्स १.२५ मायक्रॉनचा. आर्डुइनो ऊनो बोर्डावरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देऊ शकतं. ३०,००० भागिले ८०० म्हणजे सेकंदाला ३७.५ मिमी, मिनिटाला २२५०. तुम्ही रॅपिड (न कापता जाण्याचा वेग) ४००० ठेवला असेल तर ते गणित बसतच नाही. २५०० लाइनच्या एन्कोडरला १०,००० पल्स ठेवले तर मर्यादा मिनिटाला ९०० मिमीवर येते. यासाठी ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर असतो, त्याने एका फेरीचे पल्स कमी करा. हॉबी मशीनवर एका मायक्रॉनच्या रिझोल्यूशनचा आग्रह मला कधीच पटलेला नाही. फ्रेमच त्याच्या कितीतरी पट लवते.

दुसरं टायमिंग. डायरेक्शनचा सिग्नल पल्सच्या आधी काही मायक्रोसेकंद स्थिर हवा. अनेक ड्राइव्ह ५ मायक्रोसेकंद मागतात. तेवढा वेळ नाही मिळाला तर दिशा बदलल्यावरचा पहिला पल्स जुन्या दिशेत मोजला जातो. ड्राइव्हच्या इनपुटवरच्या ऑप्टोकपलरला (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) चालू व्हायला आणि बंद व्हायला वेगवेगळा वेळ लागतो, त्यामुळे ही चूक बऱ्याचदा एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साठत जाते. दर वळणाला २ पल्स, म्हणजे २.५ मायक्रॉन; अशा २०० वळणांत अर्धा मिलिमीटर. गणपतीच्या मूर्तीचं रिलीफ कोरताना झिरो जातो आणि साधा चौकोनी पॉकेट मारताना जात नाही, त्याचं कोडं इथे सुटतं. माक ३ मध्ये मोटर ट्यूनिंगच्या खिडकीत स्टेप आणि डायरेक्शन पल्सची रुंदी वाढवा, जीआरबीएलमध्ये कॉन्फिग फाइलमधला स्टेप पल्स डिले चालू करून पुन्हा कंपाइल करावं लागतं. स्टेपची पोलॅरिटी उलटी करूनही बघा.

तिसरं, व्होल्टेज. ३.३ व्होल्टचा बोर्ड थेट ५ व्होल्टच्या इनपुटला जोडला असेल तर ऑप्टो अर्धवट चालतो. मध्ये ७४एचसीटी२४५ बफर टाका. उलट, २४ व्होल्टचा कंट्रोलर ५ व्होल्टच्या इनपुटवर जोडताना मॅन्युअलने सांगितलेला रेझिस्टर हवाच, नाहीतर ऑप्टो जळतो.

मल्टीमीटर: एन्कोडरचे ५ व्होल्ट

एन्कोडरला मिळणारे ५ व्होल्ट ड्राइव्हच्या टोकाला नाही, मोटरच्या टोकाला मोजा. बारीक २८ गेजची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम असते. ५ मीटर केबल, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे २.१ ओहम, एन्कोडर १५० मिलिअँपिअर घेत असेल तर ०.३ व्होल्ट वाटेतच गेले आणि हातात ४.७ उरले. बऱ्याच एन्कोडरना ४.७५ च्या खाली चालवायचं नसतं. अशा वेळी तो बंद पडत नाही, मधूनच चुकतो, आणि तेच जास्त त्रासाचं. सप्लाय आणि ग्राउंडसाठी दोन-दोन तारा एकत्र करा किंवा जाड गेज घ्या.

याच बैठकीत ड्राइव्हचा डीसी सप्लायही मीटरच्या मिन-मॅक्स मोडवर ठेवून जोरात रॅपिड मारा. ४८ व्होल्टचा सप्लाय वेग घेताना ४० पर्यंत पडत असेल तर तो लहान पडतोय. हे फक्त कमी व्होल्टेजच्या ड्राइव्हपुरतं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसी सर्व्होचं टर्मिनल उघडून मोजू नका. का, ते पुढे.

अर्थिंग आणि नॉइज

व्हीएफडी आपलं आउटपुट हजारो वेळा तोडून-जोडून बनवतो. ती प्रत्येक कड स्पिंडलच्या केबलमधून शेजारच्या तारांत शिरते. एन्कोडरचा सिग्नल सिंगल एंडेड असेल, म्हणजे ए, बी आणि ग्राउंड एवढंच, तर त्याला बचाव नाही. ए प्लस, ए मायनस अशा जोड्या असतील तर तो डिफरन्शिअल. दोन्ही तारांवर सारखाच आलेला नॉइज रिसीव्हर वजा करतो. सिंगल एंडेड एन्कोडर आणि लांब केबल असेल तर मोटरजवळ २६एलएस३१ आणि ड्राइव्हजवळ २६एलएस३२ ही जोडी टाकणं हा टिकाऊ इलाज आहे, खर्चही किरकोळ. रिसीव्हरच्या टोकाला जोडीमध्ये १२० ओहम लावायला विसरू नका.

त्याआधी मात्र हे करा. पॉवर बंद करून प्लग काढा आणि स्पिंडलच्या बॉडीपासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत मीटरची बझर लावा. स्वस्त वॉटर-कूल्ड स्पिंडलमध्ये कनेक्टरची चौथी पिन बॉडीला जोडलेलीच नसते, असं कितीतरी वेळा निघतं. बझर वाजला नाही तर नॉइजचं राहू द्या, आधी जिवाचा धोका आहे. ते जोडल्याशिवाय मशीन चालवू नका. स्पिंडलची केबल शिल्डवाली हवी, शिल्ड व्हीएफडीच्या अर्थला. एन्कोडरची शिल्ड ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करा. या दोन केबलना एका चेनमध्ये बिलगून नेऊ नका. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सगळ्या अर्थ तारा पॅनलमधल्या एकाच बोल्टवर आणा.

आणि एक कळकळीची गोष्ट. व्हीएफडी लावल्यावर ईएलसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पडते म्हणून अर्थची तार कापून टाकलेली मशीनं मी या भागात पाहिली आहेत. तसं केल्यावर स्विच पडत नाही, कारण गळतीचा करंट तुमची वाट बघत बॉडीवर थांबतो. असं दिसलं तर मशीन बंद ठेवा आणि परवानाधारक वायरमनकडून गाळ्याचं अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी माती सुकून अर्थिंगचा पिट कमजोर होतो, हेही त्याला तपासायला सांगा.

अदलाबदल, मगच ट्यूनिंग

एक्स आणि वाय सारखेच असतील तर दोघांचे ड्राइव्ह बदलून बघा. मोटरची पॉवर केबल आणि एन्कोडर केबल कायम जोडीने हलवा. एकाची मोटर दुसऱ्याच्या एन्कोडरवर चालवली तर ती बेलगाम पळेल. पॅरामीटर आधी लिहून घ्या. फॉल्ट ड्राइव्हबरोबर गेला तर ड्राइव्ह, जागेवर राहिला तर मोटर-केबल-यंत्र. झेडला या खेळात घेऊ नका, त्याचा ब्रेक किंवा वजन वेगळं असतं.

पॉवर देताच पळणारी मोटर बहुधा वायरिंग बदलल्यानंतर दिसते: ए-बी उलटे लागलेत किंवा डीसी मोटरचे प्लस-मायनस. कपलिंग सोडवूनच ही चाचणी करा.

ट्यूनिंगला सगळ्यात शेवटी हात लावा. ठरावीक वेगाने जाताना मोटर थोडी मागे असणं स्वाभाविक आहे. फीडफॉरवर्ड (वेगाचा अंदाज आधीच देणारी सोय) नसेल तर पोझिशन लूपचा गेन (चूक किती जोराने भरून काढायची ते ठरवणारा आकडा) सेकंदाला ४० आणि वेग सेकंदाला ४० मिमी असताना ती १ मिमी मागे असते, म्हणजे वरच्या हिशेबाने ८०० काउंट. १२८ काउंटची मर्यादा असलेला ड्राइव्ह तिथे ट्रिप होणारच. आधी अॅक्सिलरेशन निम्मं करून बघा. त्याने फॉल्ट गेला तर गेन सावकाश वाढवा आणि थरथर सुरू झाली की थोडं मागे या. फॉलोइंग एररची मर्यादा वाढवून अलार्म गप्प करू नका. जो ट्रिप काल १०० रुपयांच्या एमडीएफवर आला असता तो उद्या महागड्या अॅल्युमिनियमच्या प्लेटवर चुकीच्या मापाने उमटेल.

हाताशी ८ चॅनलचा स्वस्त लॉजिक अॅनलायझर असेल तर ए आणि बी चे पल्स एकमेकांपासून पाव सायकल सरकलेले आहेत का आणि दोन झेड पल्समध्ये (फेरीला एकदा येणारी खूण) काउंट दर वेळी तेवढेच येतात का, एवढं बघा. शाफ्ट हाताने फिरवूनही हे कळतं. काउंट बदलत असतील तर चकती मळली आहे किंवा एन्कोडर गेला आहे.

इथे थांबा

एसी सर्व्होचा एन्कोडर स्वतः उघडू नका. त्याची चकती रोटरच्या चुंबकांशी ठरावीक कोनात जुळवलेली असते. ती हलली की मोटर उलटी पळते, तापते किंवा जागीच गुरगुरते, आणि जुळवणी पुन्हा करायला उपकरणं लागतात. २३० व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात, म्हणून आत मीटर लावणं सरावाच्या माणसाचं काम. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या, पॉवर काढल्यावर खाली घसरणारा झेड, वायर तपासूनही पळतच राहणारी मोटर: यातलं काहीही असेल तर मेन स्विच बंद करा आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसला किंवा ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवा. मोटरचं इन्सुलेशन मेगरने बघायचं असेल तर ड्राइव्ह आणि एन्कोडर दोन्ही आधी सुटे केलेत ना, हे त्यालाही विचारा.

फोन करताना ‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगू नका. मोटर आणि ड्राइव्हच्या प्लेटचे फोटो, लाल दिव्याची लुकलुक, पॅरामीटरची यादी, मार्करच्या रेघेचं काय झालं, स्पिंडल बंद असताना काय झालं, आणि त्या वहीचं पान पाठवा. येणारा माणूस मग ऑसिलोस्कोप घेऊन यायचं की अॅलन की घेऊन, ते निघण्याआधीच ठरवू शकतो.